चार नंबरचा ओला खड्डा

राऊत आजींच्या पायांवरून बाळ घसरलं, तेव्हा मी समोरच्या फ्लॅटमध्ये, माझ्या घरी, चहा पीत होतो. आधी पितळी लोटा फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मग त्यांच्या सुनेची, सुनंदाची हाक. मी कप ठेवला आणि धावलो.

न्हाणीघरात आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरलेलं. बाळ सुनंदाच्या हातात होतं, ओलंचिंब, आणि रडत नव्हतं. ते रडेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. ते सेकंद मला अजून आठवतात.

मग ते रडलं. सुनंदा त्याला टॉवेलात गुंडाळून बाहेर गेली. आजी माझ्याकडे पाहत राहिल्या.

"चुरीभाऊ, तुमी म्हनालेलात ना, आता काय नाय? बिनघोर आंघोळ घाला?"

म्हणालो होतो. दोन आठवड्यांपूर्वी, त्यांच्याच उंबऱ्यात उभं राहून. मी त्या कॉलनीचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो, आणि माझ्या शब्दावर त्यांनी दोन महिन्यांच्या नातवाला पुन्हा त्या नळाखाली घेतलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात दांडी गावात एका बाईच्या दहाव्याला जाऊन आलो. तिचं नाव जनाबाई तामोरे. आमच्या कॉलनीत ती मासे विकायला यायची. तिच्या मुलीने मला विचारलं, "तुमी आईच्या वळखीचे कसे?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक." हे उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. घरी आल्यापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. कधी अर्धं पान होतं, कधी तेवढंही होत नाही.

आमची कंपनी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवायची. कामगारांसाठी कॉलनी होती. सहा बिल्डिंगी, प्रत्येकीत सहा फ्लॅट, प्रत्येक न्हाणीघरात भिंतीवर एक गीझर. चार नंबर बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एका बाजूला प्रकाश राऊत आणि समोर मी. प्रकाश प्लँटच्या लॅबमध्ये होता. त्याची आई सुनेच्या बाळंतपणासाठी माकुणसारहून आली होती. बाळाला रोज सकाळी आठला आंघोळ. आजी न्हाणीघरात पाय पसरून बसायच्या, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायच्या, आणि एका हाताने नळाखालच्या बादलीतून लोटा भरायच्या.

मार्चच्या सुरुवातीला पहिल्यांदा त्यांनी तक्रार केली. तो मंगळवार होता. नळाला हात लावला की कोणीतरी मनगट धरतं, असं त्या म्हणाल्या. धरतं आणि झटकन सोडतं.

"गीझर चालू होता का?" मी विचारलं.

"बंद. माझ्या हातानं बंद केला. चुलीवरचं पानी घेते मी बाळाला. मला त्या डब्याचा भरोसा नाय."

गीझर बंद असताना शॉक लागत नाही. निदान तेव्हा माझं मत तसं होतं. मी मल्टिमीटर घेऊन गेलो. एक वायर नळाला लावली, दुसरी मोरीच्या लोखंडी जाळीला. नळात वीज उतरली असेल तर काटा हलला पाहिजे. काटा शून्यावर. गीझर चालू केला, शून्य. बंद केला, शून्य. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

बुधवारी आजींनी पुन्हा सांगितलं. गुरुवारीही. दोन्ही दिवस मी ऑफिस उघडल्यावर, दहा-अकराला गेलो. दोन्ही दिवस काटा झोपलेला. आमच्या घरी, त्याच भिंतीपलीकडे, कोणालाही काही जाणवलं नव्हतं. माझी बायको निर्मला बोईसरच्या शाळेत शिकवायची. ती आणि आमची सहा वर्षांची नीता सातच्या आत आंघोळी आटपून बाहेर पडत. प्रकाश मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईचं वय झालंय रे. हातात मुंग्या येत असतील." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

तरी शुक्रवारी मी राऊतांचा गीझर उतरवला. आतलं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी नळी, नवी बसवली. वायर बदलली. तीन दिवस न्हाणीघर बंद होतं. सोमवारी मी रजिस्टरमध्ये 'दोष दूर' असं लिहिलं आणि त्यांच्या उंबऱ्यात जाऊन तो शब्द दिला. त्या दिवसापासून आजींनी नळ वापरला. काही झालं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, पुढचा आठवडाभर नाही. मी रजिस्टरमध्ये 'दोष दूर' असं लिहिलं आणि त्यांच्या उंबऱ्यात जाऊन तो शब्द दिला.

आणि आता लोटा फरशीवर पडला होता.

मी मल्टिमीटर आणायला धावलो. स्टोअर कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला, त्याची किल्ली फॅक्टरीत. परत येऊन वायरी लावेपर्यंत पाऊण तास गेला असेल. काटा शून्यावर.

विजेच्या कामात सरळ बिघाडाची भीती वाटत नाही. फ्यूज उडतो, वास येतो, काळा डाग दिसतो. भीती वाटते ती येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाची. तुम्ही पाहायला जाता तेव्हा तो नसतो. तुम्ही पाठ फिरवली की येतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका माणसाला पंपाच्या स्टार्टरला चिकटलेलं पाहिलं होतं. त्याचा चेहरा पाहून तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय असं वाटत होतं. त्या दिवशी राऊतांच्या न्हाणीघरात उकिडवा बसून मी तो चेहरा डोक्यातून काढू शकत नव्हतो.

"आता आजपासून नळाला हात लावू नका," मी आजींना सांगितलं. "बाळाला स्वयंपाकघरात आंघोळ घाला. पाणी प्रकाश गेटजवळच्या हापशीवरून आणेल."

"आनि ही बाकीची मानसं?" आजींनी वर बोट दाखवलं. "ती काय दुसऱ्या नळाला हायेत?"

नव्हती. सहाही फ्लॅटचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीतून लोखंडी पाइपांनी खाली यायचं. आणि सहाही गीझरची अर्थिंगची वायर एकच होती.

अर्थिंग म्हणजे विजेला दिलेली पळवाट. गीझर आत कुठे फुटला आणि वीज पत्र्यात उतरली, तर ती माणसातून न जाता एका जाड वायरने जमिनीत जावी, अशी सोय. त्यासाठी बिल्डिंगच्या बाजूला माणसाच्या उंचीहून खोल खड्डा खणतात. तळाशी लोखंडी पत्रा, वर कोळसा आणि मीठ यांचे थर. एक पाइप जमिनीबाहेर काढून त्यावर फनेल बसवतात. त्या फनेलमधून अधूनमधून पाणी घालायचं, कारण कोरडी जमीन वीज पीत नाही.

संध्याकाळी निर्मलाने विचारलं, "उद्या नीताला आंघोळ घालू की नको?"

माझं तोंड पाहून तिनेच नीताच्या रबरी चपला न्हाणीघराच्या दारात आणून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बुधवारी मी कॉलनीचे प्रशासन अधिकारी देसाई साहेब यांच्याकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. टेबलावर एकही कागद तिरका राहिलेला त्यांना चालत नसे.

"चार नंबरचे सगळे गीझर काढून ठेवायची परवानगी द्या," मी म्हटलं.

"का?"

"वीज कुठून उतरते ते सापडत नाही."

"किती उतरते?"

"मोजतो तेव्हा शून्य."

त्यांनी चष्मा काढला. "चुरी, प्लँटमधून माणसं लाल-निळी होऊन घरी येतात. गरम पाण्याशिवाय तो रंग निघत नाही. गीझर काढले की युनियन माझ्या दारात. त्यांना काय सांगू, सुपरवायझरला शून्याची भीती वाटते?"

"म्हातारीच्या पायावरून पोर पडलं, साहेब."

"मग पुरावा आण. काढून टाकू."

मी फॅक्टरीतून मेगर मागवला. मेगर म्हणजे हातानं फिरवायचं यंत्र. तारेवरचं आवरण शाबूत आहे की गळतंय, हे ते सांगतं. आमचा वायरमन भास्कर आणि मी दुपारी सहाही घरं फिरलो. गीझर बंद करायचा, वायरी सोडवायच्या, मेगर फिरवायचा. सहाच्या सहा पास. दुपारी सगळे गीझर थंड होते. पहिली चूक आजींना दिलेला तो शब्द, ही दुसरी. ती कळायला अजून एक रात्र जायची होती.

भास्कर वाणगावचा. वयाने माझ्याहून मोठा, हाताने सफाईदार. शेवटच्या फ्लॅटमधून उतरताना तो म्हणाला, "साहेब, आजीला लिंबू उतरून देऊ का? तुमचा तरी जीव शांत होईल."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाय. मेगर पास, मीटर पास, आता लिंबूच ऱ्हायलं."

परत जाताना सुनंदाने मला हाक मारली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिने माझ्या हातात दिलं. ज्या ज्या दिवशी आजींना शॉक लागला, त्या तारखेला तिने पेन्सिलीने गोल केला होता. शेजारी वेळ. मी कधी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

"भावजी, वेळ बघा. आठ, आठ, सव्वाआठ. काल परत आठ."

"आंघोळीची वेळच ती आहे."

"हो. पण मधले दिवसही आठचीच आंघोळ होती. तेव्हा काही नाही."

मी कॅलेंडर घेऊन ऑफिसात बसलो. तीन गोल एकापाठोपाठ, पहिला मंगळवारी. मग न्हाणीघर बंद. मग दोन आठवडे कोरे. मग पुन्हा गोल, पुन्हा मंगळवारी. दोन मंगळवारांमध्ये बरोबर तीन आठवडे.

बराच वेळ मी त्या मंगळवारांकडे पाहत होतो. तीन आठवड्यांनी परत येणारं आमच्या आयुष्यात एकच काहीतरी होतं. मी उठून टाइम ऑफिसात गेलो. तिथे भिंतीवर शिफ्टचा तक्ता लावलेला असे. एक आठवडा पहिली शिफ्ट, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी सोमवारी रात्री अकराला सुरू होते आणि मंगळवारी सकाळी सातला सुटते. म्हणजे तिसऱ्या शिफ्टचा माणूस पहिल्यांदा घरी येऊन आंघोळ करतो ती मंगळवारी, साडेसात-आठला.

चार नंबर बिल्डिंगमधून त्या आठवड्यात तिसऱ्या शिफ्टला एकच नाव होतं. सहा नंबर फ्लॅट, रामसेवक तिवारी. रंगाच्या व्हॅटवरचा, म्हणजे मोठ्या टाकीवरचा ऑपरेटर. त्याचं कुटुंब गावी होतं, फ्लॅटमध्ये तो एकटा राहायचा.

तो कामावर निघायच्या आधी मी संध्याकाळी त्याला गाठलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते.

"तिवारीजी, शॉक लगता है कभी?"

तो थोडा विचार करून म्हणाला, "शॉक नहीं साहब. झुनझुनी होती है कभी-कभी, नल छूने पर. हम तो सोचे रंग की वजह से है. चमड़ी जल जाती है न."

"गीझर कितनी देर चलाते हो?"

"आधा घंटा. ठंडे पानी से ई रंग कहाँ छूटता है."

मी त्याला सांगितलं की उद्या घरी आल्यावर कशालाही हात लावायचा नाही. मी येईपर्यंत जिन्यात बसून राहायचं.

त्या रात्री मी किती झोपलो ते सांगता येत नाही. पहाटे निर्मला म्हणाली, "नीताला आज शाळेत तशीच नेते. आंघोळ संध्याकाळी बघू." मी हो म्हटलं.

गुरुवारी सव्वासातला भास्कर वर सहा नंबरमध्ये मेन स्विचजवळ उभा राहिला. पायात गमबूट. तिवारी जिन्यात. मी खाली राऊतांच्या न्हाणीघरात, लाकडी पाटावर. मीटरची एक वायर नळाला, दुसरी मोरीच्या जाळीला. भास्करचे आणि माझे आवाज खिडकीबाहेरच्या डक्टमधून, पाइपांच्या उभ्या पोकळीतून, एकमेकांना ऐकू येत होते.

"चालू कर," मी ओरडलो.

"केला."

काटा शून्यावर.

पाच मिनिटं गेली. काटा शून्यावर. दारात आजी येऊन उभ्या राहिल्या, बाळ खांद्यावर. मी त्यांना आत येऊ नका असं हाताने सांगितलं. सात-आठ मिनिटांनी काटा हलला. मग तो चढायला लागला. झटक्याने नाही. पाणी तापत जातं तसा, सावकाश. वीस. चाळीस. सत्तर. नळ पूर्वीसारखाच दिसत होता. पितळी, ओला, तोंडाशी पाण्याचा एक थेंब. राऊतांचा गीझर बंद होता, त्याचा प्लग काढून मी बाहेर ठेवला होता. काटा शंभराच्या पुढे गेला.

"बंद कर! भास्कर, बंद कर!"

काटा धपकन खाली आला.

मागून आजी हळू आवाजात म्हणाल्या, "हाच तो. मनगट धरनारा."

तिवारीचा गीझर उतरवला. एलिमेंटच्या तांब्याच्या नळीवर केसाएवढी चीर होती. थंड असताना मिटलेली. तापलं की धातू फुगतो, चीर उघडते, वीज पाण्यात उतरते. म्हणून दुपारी थंड गीझरवर मेगर पास झाला होता. म्हणून अकरा वाजता काटा झोपलेला असायचा. आमच्या घरी सातच्या आत आंघोळी होत, तेव्हा तिवारी अजून फॅक्टरीच्या गेटवर असायचा. दुसऱ्या दोन शिफ्टांना तो दुपारी साडेतीनला किंवा रात्री बाराच्या सुमारास आंघोळ करी. त्या वेळी बाळाची आंघोळ नसे.

देसाई साहेबांना फोन केला. ते खूश झाले. "शाबास. एलिमेंट बदल आणि विषय संपव."

एलिमेंट बदललं. विषय संपत नव्हता.

तिवारीच्या गीझरमधून वीज गळली, तर ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी होती. त्यासाठीच ती वायर होती. पण ती जमिनीत न जाता त्याच वायरवरून उलटी फिरून सहा घरांच्या पत्र्यात आणि नळांत पसरली होती. तळमजल्यावर ओल्या फरशीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईतून तिला जमीन सापडत होती. आम्ही जी तार जीव वाचवायला घातली होती, तीच वीज सगळीकडे वाटत होती. हे लक्षात आलं तेव्हा मी जिन्यात होतो.

मग बिल्डिंगच्या मागे गेलो. अर्थिंगच्या खड्ड्याचं फनेल एका उंबराच्या झाडाखाली होतं. आसपासच्या मातीला भेगा पडलेल्या. फनेलमध्ये वाळकी पानं आणि कोळ्याचं जाळं. मी काठी आत घातली. बाहेर काढली तर टोकाला धूळ.

ऑफिसात जाऊन देखभालीचं रजिस्टर काढलं. दर सोमवारी सहाही खड्ड्यांना पाणी घालायचं, असा नियम. चार नंबरसमोर भास्करची बरोबरची खूण. दर सोमवारी. खाली माझी सही. दर सोमवारी. गेल्या सोमवारचीही.

मी भास्करला बोलावलं. रजिस्टर त्याच्यासमोर ठेवलं.

"चार नंबरला पाणी घातलंस?"

त्याने खूण पाहिली. मान खाली घातली.

"साहेब, तिकडं घालायला लागतच नव्हतं कदी. बाकीच्या पाचांना मी बादली घेऊन जायचो. चार नंबर कायम ओला. फनेलमधनं खाली पानी दिसायचं. मग काय घालनार? बरोबरची खूण मारायचो."

"कायम ओला? उन्हाळ्यात?"

"हां. जना बसायची ना तिकडं."

जनाबाई. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते झाड आलं आणि झाडाखालची ती बाई. रोज सकाळी दांडीहून पाटी घेऊन ती चार नंबरच्या मागे, सावलीला बसायची. बोंबील, मांदेली, कधी कोलंबी. गिऱ्हाइकांना फार बोलायची. निर्मला भाव करायला लागली की म्हणायची, "बाई, शाळेत पोरांना पाडे शिकीव, मला नको." दोन वर्षं तरी ती तिथेच बसत होती. जानेवारीत हेड ऑफिसचे पाहुणे येणार होते. देसाई साहेबांनी वास येतो म्हणून तिला गेटबाहेर बसायला सांगितलं. पाहुणे आले, गेले. जनाबाईला परत आत बोलवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

भास्करने पुढचे दोन महिनेही खुणा केल्या. सवयीने. न बघता. मीही सह्या केल्या. तेवढ्यात बाळ जन्मलं.

मी गेटबाहेर गेलो. जनाबाई रस्त्याच्या कडेला उन्हात बसली होती, डोक्यावर पदर घेऊन.

"चुरी साहेब," ती म्हणाली, "आज तुमी? बायकोनं धाडलं का भांडून निंगालात?"

"जनाबाई, तुम्ही झाडाखाली बसायचात, तेव्हा पाटीतलं पाणी कुठे टाकायचात?"

ती सावध झाली. "का? आता त्याचीपन तक्रार हाय? साहेबाच्या नाकाला वास लागतो, तोंडाला मातर पापलेट लागतं."

"तक्रार नाही. सांगा तर."

"ते लोखंडी भोक हाय ना झाडाखाली? त्यात. बर्फाचं खारं पानी, मासळी धुतलेलं, समदं त्यात. भुईवर टाकलं तर चिखल होतो, माश्या बसतात, तुमच्या बायका नाकं मुरडतात. भोकात ओतलं का गुडुप. रोज दोन डबे जायचे. मी म्हनायची, काय तहान हाय याला."

मी तिथे उभा राहिलो. खारं पाणी, रोज दोन डबे. अर्थिंगच्या खड्ड्याला याहून चांगलं खाणं कोणी देऊ शकलं नसतं. तिवारीचं एलिमेंट किती महिने गळत होतं कोण जाणे. ती बसत होती तोवर जमीन ते सगळं मुकाट पिऊन टाकत होती, आणि वर आम्ही बिनघोर आंघोळी करत होतो.

मी तिला जमेल तसं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पाटीवरचं गोणपाट सारखं केलं.

"मंग पोर बरं हाय?"

"बरं आहे."

"आनि आता त्या भोकात कोन पानी घालतं?"

"मी घालीन."

"नुसतं नळाचं?"

"हो."

"मीठ टाक त्यात मूठभर," ती म्हणाली. "नुसत्या पान्यानं काय होनार हाय."

त्याच संध्याकाळी मी बादलीत मीठ कालवून चार नंबरच्या फनेलमध्ये ओतलं. पहिली बादली क्षणात गेली. दुसरीही. पाचवीनंतर पाणी वर दिसायला लागलं. त्यानंतर कॉलनी सोडेपर्यंत सोमवारचं ते पाणी मी स्वतः घालत होतो. भास्करला ते काम परत कधी सांगितलं नाही.

मग रिपोर्ट लिहिला. एलिमेंटची चीर, थंड-गरमचा फरक, कोरडा खड्डा, रजिस्टरवरच्या खोट्या खुणा आणि त्याखालची माझी सही. सगळं लिहिलं. देसाई साहेबांनी दोनदा वाचलं.

"सहीचं कशाला लिहिलंस? नोकरीवर येईल."

"येऊ दे."

"तुझी मर्जी. पण हे काय?" त्यांनी एका ओळीवर पेन ठेवलं. "मासेवाली? कंपनीच्या रिपोर्टमध्ये मी बोंबलाचं पाणी लिहू?"

"खड्डा तिच्यामुळे ओला होता, साहेब. आपण तिला हलवलं म्हणून सुकला."

टेबलावरचा एक सरळच असलेला कागद त्यांनी पुन्हा सरळ केला.

"ही ओळ काढ. बाकी जाऊ दे."

मला एक लेखी ताकीद मिळाली. भास्करला काही झालं नाही, मी होऊ दिलं नाही. आजी सुनेला आणि बाळाला घेऊन माकुणसारला गेल्या त्या पावसाळ्यानंतरच परतल्या. आल्यावरही नळाला हात लावायच्या आधी त्या बोटाची मागची बाजू टेकवून बघायच्या. मीही अजून तसंच करतो. आता गळती झाली की आपोआप बंद होणारे स्विच घरोघर आले आहेत, तरीही.

जनाबाई गेटबाहेरच बसत राहिली. आत बोलवावं असं मी एकदा म्हटलं. साहेब म्हणाले बघू. मी परत म्हटलं नाही. मला पाहिलं की ती विचारायची, "भोकाला पाजलं का?" मी हो म्हणायचो. बाकीच्या गिऱ्हाइकांना हा काय प्रकार ते कळायचं नाही.

या कामातून मी शिकलो ते एवढंच. खड्डा ओला दिसला म्हणून खूण करू नये. तो कोणामुळे ओला आहे, ते आधी विचारावं.

रिपोर्टमधली ती ओळ मी त्या दिवशी साहेबांसमोर, त्यांच्याच पेनाने खोडली. ती अशी होती: 'चार नंबरच्या अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालण्याचे काम गेली दोन वर्षे श्रीमती जनाबाई तामोरे, मासेविक्रेत्या, राहणार दांडी, यांनी रोज केले. हे त्यांना माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते.'